खायचा भोपळा की शोभेचा? नुसतं बघून कळत नाही

भाज्यांवर अधूनमधून लिहितो म्हणून लोक मला फोटो पाठवतात. त्यांत एक फोटो ठरलेला असतो. मुठीएवढा भोपळा, अर्धा हिरवा, अर्धा पिवळा, मान वाकडी, अंगभर चामखिळींसारखे फोड. सोबत प्रश्न, "हा खायचा की नुसता ठेवायचा?"

माझं उत्तरही आता ठरलेलं आहे: फोटोवरून सांगता येणार नाही. विचारणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. पण हे उत्तर का द्यावं लागतं ते एकदा समजलं, की हाती आलेल्या कुठल्याही अनोळखी भोपळ्याचं काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवता येतं.

आणि ते ठरवता यायला हवं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम गावात ७९ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी शेजाऱ्याने बागेत पिकवलेली झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी पण भोपळ्याच्या घरातली भाजी, जेवले. भाजी कडू लागली होती. पत्नीने थोडीच खाल्ली, त्यांनी जास्त खाल्ली. दोघांनाही दवाखान्यात न्यावं लागलं. पत्नी वाचली, ते दगावले. असे मृत्यू अगदी दुर्मीळ असतात, पण पोट बिघडून हैराण होणं तितकं दुर्मीळ नाही. फ्रान्समधल्या विषबाधा-नियंत्रण केंद्रांकडे २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत भोपळावर्गीय फळं खाऊन त्रास झालेल्या किंवा विचित्र चव लागलेल्या ३५३ जणांची नोंद झाली. त्यांतल्या अनेकांनी फळ विकत आणलेलं होतं, म्हणजे परसबागेत प्रयोग करणाऱ्यांपुरताच हा प्रश्न नाही.

## आधी नावांचा गुंता

आपण 'भोपळा' म्हणतो तेव्हा नक्की काय म्हणतो? लाल भोपळा, दुधी भोपळा, देवडांगर, चक्की. लाल भोपळा आणि दुधी यांना आपण एकाच आडनावाने हाक मारतो, पण ते सख्खे भाऊ नाहीत. फार तर चुलत. दुधी मूळचा आफ्रिकेतला, त्याचं फूल पांढरं आणि संध्याकाळी उमलणारं. लाल भोपळ्याचं कूळ अमेरिका खंडातलं, त्याची फुलं पिवळीधमक आणि सकाळी उमलणारी. काकडी, कलिंगड, कारलं, दोडकं, पडवळ, तोंडलं ही सगळी याच मोठ्या गोतावळ्यातली, पण वेगवेगळ्या घरची.

लाल भोपळ्याच्या घराला वनस्पतिशास्त्रात 'कुकुर्बिटा' म्हणतात. या घरातल्या तीन जाती लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं जाईल. 'मॉस्काटा' म्हणजे आपल्या ओळखीचा घड्या-घड्यांचा लाल भोपळा, आणि लांबट मानेचा बटरनटही. 'मॅक्सिमा' म्हणजे मोठमोठी फळं देणारी जात. शेकडो किलोंचे स्पर्धेतले भोपळे हिच्यातलेच, २०२३ मध्ये तर एक १,२४६ किलोंपर्यंत गेला होता. आणि तिसरी 'पेपो'.

आपल्या प्रश्नाचा गुंता आहे तो या पेपोत.

## एकाच आईची लेकरं

झुकिनी पेपो. खाचा असलेला, गडद हिरवा एकॉर्न स्क्वॉश पेपो. कडा कापल्यासारखी दिसणारी चपटी पॅटीपॅन पेपो. चेहरे कोरायला वापरतात तो नारिंगी पंपकिनही बहुतेक वेळा पेपो. आणि त्या फोटोतला चामखिळीवाला, वाकड्या मानेचा, दुरंगी शोभेचा भोपळा? तोही पेपोच.

म्हणजे 'खायचा' आणि 'शोभेचा' ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, माणसाने केली आहे. एका कुटुंबातल्या काही मुलांना माणसाने हजारो वर्षं चवीसाठी वाढवलं आणि काहींना रंगरूपासाठी. चवीसाठी निवडताना कडू फळं दर पिढीला बाद होत गेली. रूपासाठी निवडताना चव पाहिलीच नाही, त्यामुळे मूळचा कडूपणा तसाच राहिला. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्स गुहेत पेपोच्या लागवडीखालच्या बिया सापडल्या आहेत. त्यांचं वय सुमारे १०,००० वर्षं. इतक्या जुन्या काळी माणूस हा भोपळा गरासाठी लावत असेल असं अनेक अभ्यासकांना वाटत नाही. बिया खायला, आणि पोखरलेलं कवच भांडं म्हणून किंवा मासेमारीच्या जाळ्याला तरंगण्यासाठी बांधायला, असा उपयोग असावा. थोडक्यात, आज ज्याला आपण 'नुसता शोभेचा' म्हणतो तो या घराण्यातला थोरला आहे, आणि आपली झुकिनी अलीकडची.

## कडूपणा येतो कुठून?

या कडू द्रव्याला 'कुकुर्बिटॅसिन' म्हणतात. खरं तर ही एकाच प्रकारच्या अनेक रसायनांची टोळी आहे आणि त्यांना बी, डी, ई, आय अशा अक्षरांनी ओळखतात. पुढे मी नुसतं 'कडू द्रव्य' म्हणेन. माणसाला माहीत असलेल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते, अगदी नगण्य प्रमाणातही जीभ ते पकडते.

वेलीने हे बनवलं ते संरक्षणासाठी. पाय नसलेल्या वेलीला पळता येत नाही, म्हणून ती तोंड कडू करते. रानातल्या भोपळ्यांची फळं टेनिसच्या चेंडूएवढी आणि कडूजहर असत. मग त्यांच्या बिया पसरवायचं कोण? उत्तर अमेरिकेत हत्तीच्या कुळातले मॅस्टोडॉन नावाचे प्राणी होते. त्यांच्या हजारो वर्षं जुन्या शेणात रानभोपळ्याच्या बिया मिळाल्या आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की लहान प्राण्यांकडे कडू चव ओळखणारी जनुकं जास्त असतात आणि अवाढव्य प्राण्यांकडे कमी. उंदराला जो घास जमणार नाही तो मॅस्टोडॉन सहज गिळत असणार, आणि एवढ्या मोठ्या देहाला त्या मात्रेने फरकही पडत नसणार. मॅस्टोडॉन नामशेष झाले. कडू फळांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि माणसाने हात दिला नसता तर भोपळ्याच्या काही जाती त्यांच्यामागोमाग गेल्या असत्या.

माणूस मात्र मॅस्टोडॉन नाही. आपल्या आतड्यांना हे द्रव्य सोसत नाही.

## देठ बघा, पण देठावर विसंबू नका

फळावरून जात ओळखायची सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे देठ. रंग फसवतो, आकार फसवतो, देठ सहसा फसवत नाही.

मॉस्काटाचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा, गुळगुळीत असतो आणि फळाला टेकतो तिथे पंजा पसरल्यासारखा रुंद होतो. मॅक्सिमाचा देठ गोल, जाडजूड, बुचासारखा मऊ असतो, नख सहज रुततं. पेपोचा देठ कडक, लाकडी, ठसठशीत कंगोऱ्यांचा, कोवळा असताना टोचणारा, पण फळाजवळ फारसा न पसरणारा.

याचा उपयोग काय? मुठीएवढे रंगीबेरंगी शोभेचे भोपळे जवळजवळ सगळे पेपो असतात. देठ पसरट किंवा बुचासारखा असेल, तर फळ त्या टोळीतलं नाही एवढं नक्की. देठ कंगोऱ्याचा आणि लाकडी असेल तर मात्र तुम्ही पुन्हा फाट्यावर उभे. एका रस्त्याला झुकिनी, दुसऱ्याला कडू शोभेचा. देठ जात सांगतो, चव सांगत नाही.

बाकीच्या खुणा याहून कच्च्या. शोभेच्या भोपळ्याची साल लाकडासारखी टणक असते आणि फळ आकाराच्या मानाने हलकं लागतं, कारण गर थोडा, तोही तंतुमय. वाळत आलेलं फळ कानाशी हलवलं तर बिया खुळखुळतात. हे सगळं पिकलेल्या फळाला लागू. कोवळेपणी त्याची साल झुकिनीइतकीच मऊ असते, नखाने सहज फाटते. चामखिळींचं म्हणाल, तर खाण्याच्या काही चांगल्या वाणांनाही त्या असतात. आणि पगडी घातल्यासारखा दिसणारा टर्बन स्क्वॉश सजावटीत हमखास असतो, पण तो मॅक्सिमा आहे आणि खाण्याजोगा आहे. चवीला मात्र अगदी बेताचा.

म्हणजे दिसण्यावरून ओळखायचे सगळे नियम पुढे जाऊन अडतात, आणि खरी अडचण त्यांच्याही पलीकडे आहे. झुकिनीसारखी दिसणारी, झुकिनीच्या वेलावर आलेली झुकिनीसुद्धा कडू निघू शकते. हायडेनहाइमच्या ताटात शोभेचा भोपळा नव्हता.

## "शेजारी शोभेचा वेल आहे. माझी झुकिनी कडू होईल का?"

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांत जास्त चुकीचं दिलं जातं. उत्तर आहे: यंदा नाही. पुढच्या वर्षी, त्याच फळाच्या बिया लावल्या तर, हो.

असं पाहा. मधमाशीने शोभेच्या वेलाचे परागकण तुमच्या झुकिनीच्या मादीफुलावर आणून टाकले. फळ धरलं. त्या फळाची साल आणि गर हे सगळं आईवेलाचं अंग आहे, फुलाखालचा तिचा भागच फुगून फळ झालेला असतो. बापाचा वाटा फक्त आतल्या बियांत. घर आईचं, आतलं बाळ दोघांचं. आपण खातो ते घर, म्हणून यंदाच्या फळाची चव बदलत नाही. मक्याचं उलट आहे. तिथे आपण दाणा, म्हणजे बीच खातो, म्हणून शेजारच्या मक्याचा रंग त्याच वर्षी कणसात डोकावतो. मक्याचा अनुभव भोपळ्याला लावल्यामुळेच हा गैरसमज पसरला असावा.

आता त्या बिया जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात लावल्या. उगवलेला वेल आता संकराचा आहे. पेपोमध्ये कडूपणा देणारं जनुक 'प्रभावी' असतं, म्हणजे आई-बाप दोघांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. दुधाच्या भांड्यात मिठाचा एकच खडा पडावा तसं. आईकडून आलेला गोडवा बापाकडचा कडूपणा झाकू शकत नाही. वेल झुकिनीचा दिसेल, फळही बरंचसं झुकिनीसारखं, आणि चव कडूजहर. त्या संकरित वेलाचं आपल्याच परागकणांनी फळ धरलं आणि त्याच्या बिया लावल्या, तर साधारण चारांतले तीन वेल कडू निघतात.

एकाच फळात अनेक वेलांचे परागकण आलेले असू शकतात हेही लक्षात घ्या. एका फळाच्या दहा बिया लावल्या, आठ वेल चांगले निघाले, म्हणून उरलेल्या दोघांचं फळ न चाखता चिरायचं नाही.

दोन दिलासे. एक, पेपोचा संकर सहज होतो तो पेपोशीच. काकडी, कलिंगड, दुधी यांच्याशी भोपळ्याचा संकर होत नाही, कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी. दोन, मॉस्काटा जातीच्या लाल भोपळ्याचं बी घरी धरणाऱ्याला शेजारच्या शोभेच्या पेपोची फारशी भीती नाही. भीती आहे ती झुकिनी आणि तिच्या भावंडांचं बी घरी धरणाऱ्यांना, आणि कंपोस्टच्या ढिगातून आपोआप उगवलेला वेल 'फुकटचा भोपळा' म्हणून वाढवणाऱ्यांना. असा वेल कुणाचा कोण, ते सांगायला कुणी नसतं.

पाकिटातलं बियाणं घेतलं की निर्धास्त, असंही शंभर टक्के नाही. बी तयार होत असताना शेतात एखादा रानटी किंवा शोभेचा वेल राहून गेला तर तिथेही गडबड होते, आणि झुकिनीच्या बियांची पाकिटं बाजारातून परत बोलवावी लागल्याचे प्रकार घडले आहेत. तरीही घरच्या अनोळखी बीपेक्षा पाकीट कितीतरी बरं.

## मग ओळखायचं कसं? जिभेने

हे कडू द्रव्य डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. पण जीभ त्याची फार बारीक परीक्षक आहे, आणि ही परीक्षा घरात करता येते.

फळ चिरलं की देठाकडचा आणि टोकाकडचा, तांदळाच्या दाण्याएवढा कच्चा तुकडा घ्या. मीठमसाला काही नको. जिभेच्या शेंड्यावर ठेवा, दातांनी जरासा चुरा. गिळू नका, थुंका, चूळ भरा. चांगल्या भोपळ्याची कच्ची चव फिकी, पाणचट, फार तर किंचित गोडसर असते. कडू असेल तर विचार करायची वेळच येत नाही, तोंड आपोआप वाकडं होतं. तसं झालं तर सगळं फळ टाकून द्यायचं आणि त्याच वेलाची बाकीची फळंही. "जरासंच कडू आहे" हा शेरा या भाजीला चालत नाही.

कडू चव सगळ्यांना सारखी लागत नाही. काहींची जीभ जन्मतःच बोथट असते, वयानेही फरक पडतो. म्हणून शंका असेल तर दुसऱ्या कुणाला चाखायला द्या, आणि दोघांपैकी एकानेही नाक मुरडलं तर त्याचं ऐका.

ही परीक्षा ज्याचा वाण माहीत आहे अशा खाण्याच्या भोपळ्यासाठी आहे. सजावटीसाठी म्हणून विकलेला, नाव नसलेला भोपळा कडू नाही लागला तरी खाऊ नये असं माझं मत आहे. त्यावर चकाकीसाठी व्हार्निश किंवा मेण असू शकतं, आणि ज्याने तो पिकवला त्याने फवारणी करताना कुणी हे खाईल असं धरलेलं नसतं. आत मिळणार तरी काय? दोन चमचे तंतुमय गर.

## "शिजवलं की कडूपणा जाईल ना?"

नाही. हे द्रव्य उष्णतेला दाद देत नाही. उकडा, भाजा, तळा, ते तिथेच राहतं. मीठ, साखर, मसाला यांनी फार तर ते जिभेपासून लपेल, म्हणजे धोक्याची घंटाच बंद होईल. काकडीचं टोक कापून घासायची युक्ती अनेकांना ठाऊक असते. काकडीत कडूपणा बरेचदा देठाजवळ आणि सालीखाली साठलेला असतो, त्यामुळे टोक कापून साल काढल्याचा थोडा उपयोग होतो. घासल्याने येणाऱ्या फेसाचं श्रेय मात्र फुकटचं. कडू निघालेल्या भोपळ्यात गरभर कडूपणा असतो, तिथे टोक कापून काही साधत नाही.

## "कारलं कडूच असतं की!"

हो, आणि हा आक्षेप रास्त आहे. कारल्यातली कडू द्रव्यं याच रासायनिक घराण्याशी नातं सांगतात, पण ती वेगळी आहेत आणि भोपळ्यातल्या द्रव्यासारखी आतड्यांवर तुटून पडत नाहीत. कारल्यात कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे, शतकानुशतकं खाऊन पारखलेला. झुकिनीत किंवा दुधीत तो आला, तर काहीतरी बिघडलंय. कडू वृंदावनाची गोष्ट मात्र भोपळ्यासारखीच आहे. तेही दिसायला देखणं आणि तेही याच कडू द्रव्याने भरलेलं, म्हणूनच तर मराठीत ते फसव्या रूपाचं नाव झालं.

"कडू ते औषध" ही समजूत इथे खरंच घात करते. दुधीच्या रसाबाबत हेच झालं. कडू रस गुणकारी समजून पिऊन लोक गंभीर आजारी पडल्याच्या आणि काही दगावल्याच्या घटना भारतात घडल्या, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्याचा अभ्यास केला. सल्ला असा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसांत मिसळू नका. या शेवटच्या सूचनेचं कारण आता सांगायला नको.

## खाल्लं गेलंच तर

काही मिनिटांत ते काही तासांत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. जास्त खाल्लं असेल तर रक्ताची उलटी किंवा रक्ताचे जुलाब होऊ शकतात, रक्तदाब घसरू शकतो. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. शरीरातलं पाणी आणि रक्तदाब सांभाळणं हाच उपचार, आणि तो घरी नीट होत नाही. लहान मूल, वयस्कर माणूस, रक्त दिसणं, चक्कर येणं, यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं, आणि उरलेलं फळ किंवा भाजी सोबत न्यावी.

एक विचित्र परिणाम उशिरा दिसतो. फ्रान्समध्ये दोन महिलांना कडू भोपळा खाऊन आधी पोटाचा त्रास झाला, आणि नंतर, एकीला साधारण आठवड्याने, दुसरीला तीन आठवड्यांनी, डोक्यावरचे केस मोठ्या प्रमाणात गळू लागले. २०१८ मध्ये त्वचारोगांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांची नोंद छापून आली.

## आणि त्या फोटोतल्या भोपळ्याचं काय करायचं?

ठेवायचा. शोभेचा भोपळा देठासकट, हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवला तर काही महिन्यांत कवच वाळून लाकडासारखं होतं. मध्येच सालीवर बुरशीचे डाग दिसले तर कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे, फळ मऊ पडलं तरच फेकायचं. आत बिया खुळखुळायला लागल्या की समजायचं, झालं काम. आणि कधी ते कवच फोडलंच, तर त्या बिया झुकिनीच्या वाफ्यात किंवा कंपोस्टच्या ढिगात जाऊ द्यायच्या नाहीत.